रेकॉर्ड असलेला उमेदवार आणि रेकॉर्ड नसलेला भाचा

पत्र

"मी मूळची साताऱ्याची, आता शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहते. बरीच वर्षं औषधांच्या दुकानात टेक्निशियन होते. सध्या एका कॅनाबिस डिस्पेन्सरीत (गांजाच्या परवानाधारक दुकानात) एजंट-इन-चार्ज आहे, म्हणजे दुकानाची रोजची जबाबदारी माझ्यावर. आमच्याकडे मेडिकल कार्डवाले रुग्ण येतात आणि २१ वर्षांवरचं साधं गिऱ्हाईकही येतं. काउंटरवरची एक जागा भरायची आहे. मुलाखतीत सगळ्यांत उजवा ठरलेला उमेदवार इथेच जन्मलेला, तिशी ओलांडलेला. त्यानं आपणहून सांगितलं, की २००९ मध्ये वीस वर्षांचा असताना ४५ ग्रॅम गांजा जवळ सापडल्याबद्दल त्याच्यावर फेलनी (गंभीर वर्गातला गुन्हा) शाबित झाली, आणि २०१४ मध्ये दुकानातून जॅकेट उचलल्याचा एक किरकोळ गुन्हाही आहे. मालकांचा निरोप आला : रेकॉर्डवाला कुणीही नको, एका ओळीत नकार कळव. आमचे हे म्हणतात, कॅन्सरच्या, संधिवाताच्या म्हाताऱ्या माणसांपुढे असा माणूस उभा करायचा? उद्या काही झालं तर नाव तुझं. मला मात्र माणूस बरा वाटला. माझं काही चुकतंय का? जाता जाता : माझा भाचा ग्रीन कार्डवर आहे, पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करेल. त्याला शनिवार-रविवार आमच्याच दुकानात लावून द्यायचा विचार आहे. त्याचं रेकॉर्ड स्वच्छ आहे, तेव्हा तिथे अडचण नसावी."

उत्तर

ताई, 'जाता जाता' म्हणून तुम्ही शेवटी जे लिहिलंत ते आम्ही आधी घेतो, कारण ते शनिवारपर्यंत थांबणारं नाही. भाच्याला दुकानात बोलावू नका. एका शिफ्टसाठी नाही, बिनपगारी मदतीसाठीही नाही. उमेदवाराच्या रेकॉर्डवरून तुमच्या घरी आणि दुकानात जी काळजी चालली आहे, ती खरं तर या मुलाची करायला हवी.

शिकागो ज्यात येतं त्या इलिनॉय राज्यात रुग्णांना कॅनाबिस नोव्हेंबर २०१५ पासून मिळतं आणि १ जानेवारी २०२० पासून सगळ्या प्रौढांना. पण हा झाला राज्याचा कायदा. व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हा कारभार फेडरल सरकारचा, आणि तिथे कॅनाबिस अजून नियंत्रित पदार्थ आहे. नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षांचं, आणि अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेलं असेल तर तीन वर्षांचं, 'चांगलं नैतिक चारित्र्य' दाखवावं लागतं. १९ एप्रिल २०१९ ला नागरिकत्व खात्यानं स्पष्ट लिहून ठेवलं, की राज्यात कायदेशीर असलं तरी कॅनाबिसच्या धंद्यातलं काम या चारित्र्याच्या आड येऊ शकतं. गुन्हा शाबित झालेला असण्याची गरज नाही. एन-४०० या अर्जात मागच्या पाच वर्षांच्या नोकऱ्या लिहाव्या लागतात आणि नियंत्रित पदार्थ कधी विकला किंवा वाटला का, असा थेट प्रश्नही असतो. भाचा काउंटरवर उभा राहिला असेल तर खरं उत्तर 'हो' हेच आहे. ते लिहिलं तर अर्ज अडतो. लपवलं तर खोटं बोलल्याचा वेगळा ठपका येतो, आणि तो पहिल्याहून वाईट.

याहून मोठी अडचण विमानतळावर येते. हा माणूस नियंत्रित पदार्थांच्या व्यापारात आहे असं मानायला अधिकाऱ्याकडे कारण असलं, तर तेवढ्यावर देशात प्रवेश नाकारता येतो. त्यासाठी अटक लागत नाही, कोर्टही लागत नाही. ग्रीन कार्डवाला परदेशातून परतताना एरवी नव्यानं प्रवेश मागणारा धरला जात नाही, पण अशा गुन्ह्याचा संशय असला की धरला जाऊ शकतो. म्हणजे दिवाळीला साताऱ्याला जाऊन परत येणं हीच त्याची परीक्षा ठरते. त्याच कलमात पुढे असंही आहे, की अशा माणसाच्या बायकोला आणि मुलांना गेल्या पाच वर्षांत त्या पैशाचा फायदा झाला आणि पैसा कुठला हे त्यांना माहीत होतं किंवा असायला हवं होतं, तर त्यांचाही प्रवेश अडतो. उद्या त्याचं लग्न भारतातल्या मुलीशी ठरलं तर हे तिच्यापर्यंत पोचेल.

नियंत्रित पदार्थांच्या फेडरल याद्यांत कॅनाबिसला वरच्या यादीतून खालच्या यादीत हलवण्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. भाच्याला त्यांचा उपयोग नाही, कारण पाचही याद्यांतले पदार्थ 'नियंत्रित'च असतात. अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, डिसेंबर २०१४ पासून खर्चाच्या कायद्यात जे कलम घालत आली आहे, त्याचाही नाही. न्याय खात्यानं राज्यांच्या मेडिकल योजना मोडण्यावर पैसा खर्च करू नये, एवढंच ते कलम म्हणतं. दुकानाला त्याचा आधार मिळतो, कामगाराच्या इमिग्रेशनला मिळत नाही.

त्यानं आधीच एखादी शिफ्ट केली असेल तर काम लगेच थांबवा, पगाराची पावती जपून ठेवा, एन-४०० भरू नका, परदेशी जाऊ नका आणि इमिग्रेशनच्याच वकिलाला गाठा. फौजदारी वकील किंवा ओळखीतले टॅक्सवाले काका यासाठी चालणार नाहीत. अधिकाऱ्यानं विचारलं तर खोटं बोलू नये, पण उत्तर देण्याआधी वकिलाशी बोलायचं आहे असं म्हणावं. दुकानाचं अकाउंट्सचं किंवा वेबसाइटचं काम केलं तर चालेल का, असा पुढचा प्रश्न येईलच. माल हाताळला नाही तरी 'मदत केली' या शब्दात ते बसू शकतं, म्हणून त्या कामालाही वकिलाच्या लेखी मताशिवाय हात लावू नये. आणि भारतात जाताना डब्याबरोबर दुकानातल्या गमीजचं (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्यांचं) पाकीट कुणाच्याही बॅगेत जाऊ देऊ नका. तिथे १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा लागतो, इलिनॉयची पावती कुणी बघत नाही.

इथे एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. मावशी म्हणून तुम्ही भाच्याला 'येऊ नकोस' म्हणू शकता. मॅनेजर म्हणून दुसऱ्या एखाद्या ग्रीन कार्डवाल्या उमेदवाराला 'तू नागरिक नाहीस म्हणून नको' असं म्हणू शकत नाही. तो नागरिकत्वावरून केलेला भेदभाव होतो आणि फेडरल कायदा त्याला मनाई करतो. यावरचा उपाय साधा आहे. प्रत्येक अर्जदाराला, त्याचं आडनाव किंवा उच्चार न बघता, एकच छापील सूचना द्या : फेडरल कायद्यामुळे या कामाचा अमेरिकन नागरिक नसलेल्यांच्या इमिग्रेशनवर गंभीर परिणाम होऊ शकतो, कामावर येण्याआधी वकिलाशी बोला. निर्णय ज्याचा त्याला घेऊ द्या. दुकानं ही सूचना सहसा देत नाहीत, आणि लोकांना ती गोष्ट नागरिकत्वाच्या मुलाखतीत कळते.

आता तुमचा उमेदवार.

आमचं मत सरळ आहे. तुम्ही वर्णन केलेल्या माणसाला ही नोकरी मिळायला हवी. २००९ चा गुन्हा तर या नोकरीच्या आड येताच कामा नये. इलिनॉयच्या तेव्हाच्या कायद्यात ३० ते ५०० ग्रॅम बाळगणं पहिल्याच खेपेला चौथ्या वर्गाची फेलनी होती. आज दुकानात राज्यातला कुणीही प्रौढ एका वेळी ३० ग्रॅम फूल (सुका गांजा) घेऊन बाहेर पडतो, आणि तुमच्या मेडिकल कार्डवाल्या रुग्णाला १४ दिवसांत अडीच औंस, म्हणजे जवळजवळ ७१ ग्रॅम घेता येतं. त्याच्याकडच्या ४५ ग्रॅमपेक्षा अधिक माल तुम्ही एका रुग्णाच्या पिशवीत भरू शकता. त्याच वजनाच्या खटल्याला आज पहिल्या खेपेला फेलनी म्हणतही नाहीत.

हा डाग कुणाला लागला हेही लक्षात घ्या. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियननं २०१८ च्या आकड्यांवरून काढलेला हिशेब असा, की गांजा ओढण्याचं प्रमाण गोऱ्या आणि काळ्या लोकांत साधारण सारखंच असताना बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता काळ्या माणसाला देशभरात सुमारे ३.६ पट आणि इलिनॉयमध्ये सुमारे ७.५ पट होती. राज्यालाही हे मान्य झालं. २०१३ चा मेडिकल कायदा अमली पदार्थांच्या फेलनीवाल्याला या धंद्यापासून दूर ठेवायला बघत होता. रुग्णालासुद्धा कार्डासाठी बोटांचे ठसे द्यावे लागत, ते २०१८ मध्ये बंद झाले. २०१९ च्या कायद्यानं दिशाच बदलली : गांजाच्या जुन्या गुन्ह्यांत अडकलेल्यांना परवान्यात प्राधान्य मिळालं, आणि ३१ डिसेंबर २०१९ ला, विक्री सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, गव्हर्नर प्रिट्झकर यांनी ११,०१७ जणांना माफी दिली. त्याच कायद्याच्या जोरावर चालणाऱ्या दुकानानं 'रेकॉर्डवाला कुणीही नको' म्हणावं, हे आम्हाला पटत नाही.

आणि आमच्या पटण्या-न पटण्यापलीकडे, मालकांचा तो एका ओळीचा निरोप कायद्यात बसत नाही. २०२१ पासून इलिनॉयच्या मानवी हक्क कायद्यानुसार शाबित गुन्ह्यावरून नोकरी नाकारायची असेल तर दोनपैकी एक गोष्ट दाखवावी लागते. एक तर गुन्ह्याचा त्या कामाशी ठोस संबंध आहे, किंवा माणसाला ठेवल्यानं मालमत्तेला अथवा लोकांच्या सुरक्षिततेला अवाजवी धोका आहे. ते ठरवताना सहा बाबी तपासायच्या : शिक्षेला किती काळ लोटला, किती गुन्हे, त्यांचं स्वरूप आणि गांभीर्य, घटनेची परिस्थिती, तेव्हाचं वय, आणि नंतर सुधारल्याचा पुरावा. नुसती अटक झाली होती आणि गुन्हा शाबित झाला नाही, तर ती विचारातसुद्धा घेता येत नाही.

तरीही नकार द्यायचाच म्हटलं तर तो दोन पत्रांनी जातो. पहिलं पत्र प्राथमिक : कोणत्या गुन्ह्यामुळे, का, रिपोर्टची प्रत सोबत, आणि उत्तर द्यायला निदान ५ कामाचे दिवस. त्याचं उत्तर खरोखर वाचायचं. मग दुसरं, अंतिम पत्र, त्यात राज्याच्या मानवी हक्क खात्याकडे तक्रार करता येते हे लिहायचं. चूक बहुतेक पहिल्याच पायरीवर होते. रिपोर्ट शुक्रवारी येतो, सोमवारी कुणीतरी तयार नकाराचं बटण दाबतं, पाच दिवस मिळतच नाहीत. रिपोर्ट खासगी एजन्सीकडून मागवत असाल तर आधी वेगळ्या कागदावर सूचना देऊन लेखी संमती घ्यावी लागते. ती नोकरीच्या अर्जात कुठेतरी घुसडलेली चालत नाही. आणि १५ किंवा जास्त कामगार असतील तर माणूस मुलाखतीसाठी निवडला जाईपर्यंत रेकॉर्डचा प्रश्नच विचारायचा नाही. तुमच्या उमेदवारानं स्वतःहून सांगितलं, त्यामुळे तुमच्याकडून तिथे चूक झालेली नाही.

मालकांना हे तोंडी सांगू नका, ईमेलनं लिहा. 'सरसकट नियम ठेवला तर तक्रार आपल्यावर येईल, मी सहा बाबींची नोंद करून निर्णय पाठवते' एवढं पुरे. वादाच्या वेळी तो ईमेल तुमच्याही कामी येईल.

आता २०१४ चं जॅकेट. याकडे आम्ही कानाडोळा करणार नाही, कारण तुमच्या धंद्यात रोकड फार आणि माल लहान आकाराचा, महाग. फेडरल कायद्याच्या धास्तीनं बँका हात राखून असतात, म्हणून ड्रॉवरमध्ये नोटा साचतात. चोरीचा गुन्हा या कामाशी संबंधित आहेच. पण तो एकच आहे, किरकोळ वर्गातला आहे आणि दहा वर्षांहून जुना आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या २००९ च्या एका अभ्यासात न्यूयॉर्क राज्यात १९८० मध्ये पहिल्यांदा अटक झालेल्यांचा माग घेतला होता. अठराव्या वर्षी घरफोडीत पकडलेल्याला पुन्हा अटक होण्याची शक्यता ३.८ वर्षांनी त्याच वयाच्या सर्वसाधारण माणसाइतकी खाली आली, जबरी लुटीच्या बाबतीत ७.७ वर्षांनी. अट एकच, मधल्या काळात नवी अटक नको. तेव्हा उमेदवाराला एवढंच विचारा : २०१४ नंतर काय? कुठे काम केलंत, पैसे हाताळलेत का, तिथला कुणी साहेब बोलेल का? मागच्या दोन नोकऱ्यांतल्या वरिष्ठांचे फोन नंबर घ्या आणि खरंच फोन करा. रेकॉर्ड नसलेल्या उमेदवारांसाठीही हेच करा.

यजमानांची भीती मात्र आम्ही हलकी मानत नाही. रुग्ण थकलेले असतात, काही गोंधळलेले, आणि कागदपत्रं पुढे करताना आपलं नाव, पत्ता, आजार सगळं उघडं करतात. म्हणून काही रेकॉर्ड आम्हाला या काउंटरवर चालणार नाहीत. वृद्धांचा किंवा अवलंबून असलेल्यांचा छळ वा फसवणूक. दुसऱ्याची ओळख चोरून पैसे काढणं. खोट्या प्रिस्क्रिप्शनवर गोळ्या उचलणं. अलीकडचा, म्हणजे चार-पाच वर्षांतला, मालकाच्या गल्ल्यातून केलेला अपहार. आणि हिंसेचा किंवा लैंगिक गुन्हा असेल तर सल्ल्याच्या बंद खोलीत रुग्णाबरोबर एकट्यानं बसण्याचं काम. या सगळ्यांत गुन्हा आणि काम यांचा धागा सरळ दिसतो. ४५ ग्रॅम गांजा आणि रुग्णाची सुरक्षितता यांत तो धागा आम्हाला सापडत नाही.

रुग्णाला खरा धोका कशाचा असतो, ते औषधांच्या दुकानातल्या अनुभवामुळे तुम्हाला इतरांपेक्षा चांगलं कळेल. सत्तरीच्या बाई पहिल्यांदा खाण्याचा प्रकार घेतात. सर्वसाधारण विक्रीच्या गमीत एका मात्रेत जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी (नशा आणणारा घटक) असू शकतं. नवख्या वृद्ध माणसाला सुरुवात २.५ मिलिग्रॅमनं करायची असते, म्हणजे गमीचा चतकोर. असर यायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. पाऊण तासानं 'काहीच झालं नाही' म्हणून त्या दुसरी खातात, आणि रात्री बाथरूमला जाताना चक्कर येऊन पडतात. दुसरा रुग्ण रक्त पातळ करायला वॉरफरिन घेतो आणि झोपेसाठी सीबीडीचं (कॅनाबिसमधल्या नशा न आणणाऱ्या घटकाचं) तेल मागतो. सीबीडीमुळे वॉरफरिनचा असर वाढू शकतो, म्हणून त्याला आधी डॉक्टरांना विचारून रक्ततपासणीची तारीख ठरवा असं सांगायला हवं. फिट्सच्या रुग्णाच्या क्लोबाझाम या औषधाबाबतही अशीच सावधगिरी लागते. काउंटरवरच्या माणसानं डॉक्टरकी करायची नाही, पण कुठे थांबून 'डॉक्टरांशी बोला' म्हणायचं हे त्याला पाठ हवं. नव्या कामगाराला ९० दिवसांच्या आत निदान २ तासांचं जबाबदार विक्रीचं प्रशिक्षण कायद्यानंच बंधनकारक आहे. आम्ही म्हणू, त्यावर थांबू नका. पहिले दोन आठवडे मेडिकल रांगेवर त्याला जुन्या सहकाऱ्याच्या शेजारी उभं करा, एकट्याला नको. हे नियम स्वच्छ रेकॉर्डवाल्या नव्या मुलीलाही तसेच लावा.

माल आणि पैशाचं म्हणाल, तर तिथे माणसाच्या भूतकाळापेक्षा दुकानाची शिस्त कामी येते. रोजच्या रोज तीन आकडे जुळवणं कायद्यानं तुमच्यावरच आहे : राज्याची नोंद, तुमच्या बिलिंगची नोंद आणि शेल्फवरचा प्रत्यक्ष माल. फरक आला तर तो उद्यावर ढकलू नका. कॅमेऱ्याचं चित्रण ९० दिवस ठेवावं लागतं, म्हणजे तीन महिन्यांनी उगवलेल्या संशयाला पुरावा उरत नाही. तिजोरी उघडताना दोघं हवेत. ड्रॉवर मोजणाऱ्याला अपेक्षित रक्कम आधी कळता कामा नये. रद्द केलेलं बिल आणि परतावा यांवर दुसऱ्याची सही.

मेडिकल आणि सर्वसाधारण अशी दोन्ही विक्री असलेल्या दुकानात एक खास पळवाट असते, तिच्यावर नजर ठेवा. मेडिकल मालावर राज्याचा कर १ टक्का आहे. सर्वसाधारण गिऱ्हाइकाला मात्र नेहमीच्या विक्रीकराशिवाय कॅनाबिसचा वेगळा कर पडतो, ३५ टक्क्यांपर्यंत टीएचसीच्या मालाला १०, त्यावर २५, आणि खाण्याच्या प्रकारांना २० टक्के. मित्राला स्वस्तात द्यायचं म्हणून एखादा रुग्णाच्या नंबरवर बिल फाडतो. रुग्णाची १४ दिवसांची मर्यादा तिथे खर्ची पडते, आणि बिचारा आठवड्यानं येतो तेव्हा मशीन म्हणतं, कोटा संपला. तेव्हा दर आठवड्याला दहा-पंधरा मेडिकल बिलं निवडा आणि त्या वेळेच्या चित्रणात समोर खरोखर तो रुग्ण किंवा त्याचा नोंदणीकृत काळजीवाहक होता का, ते पाहा. असली चोरी रेकॉर्ड पाहून पकडता येत नाही. ती करणाऱ्याचं रेकॉर्ड पकडला जाईपर्यंत कोरंच असतं.

पुढची कागदी वाट. त्याला राज्याच्या परवाना खात्याकडून एजंट कार्ड लागेल. त्यासाठी परवानाधारक केंद्रावर मशीनवर बोटांचे ठसे द्यायचे. तिथे मिळणाऱ्या पावतीवर व्यवहाराचा क्रमांक असतो, तो अर्जात लागतो. पावती हरवली तर ठसे पुन्हा द्यावे लागतात, म्हणून तिथल्या तिथे फोटो काढून ठेवायला सांगा. पूर्ण अर्ज पोचल्यापासून निर्णयाला ३० दिवस आणि मंजुरीनंतर कार्डाला १५ कामाचे दिवस धरून चाला. कार्ड हातात येईपर्यंत त्याला मालाजवळ उभं करू नका. दुकानात असताना ते कार्ड अंगावर दिसलं पाहिजे. तपासणीत बालगुन्हेगारीच्या नोंदी, शाबित न झालेल्या अटका आणि कोर्टानं पुसलेल्या किंवा बंद केलेल्या (म्हणजे सर्वसामान्यांच्या नजरेआड ठेवलेल्या) नोंदी धरल्या जात नाहीत. जे शिल्लक आहे ते मात्र अर्जात लपवू नये. ठशांतून ते निघतंच, आणि मग नकार जुन्या गुन्ह्यामुळे न येता आजच्या लपवाछपवीमुळे येतो. तो प्रोबेशनवर किंवा पॅरोलवर नाही ना, हेही विचारून घ्या. असता तर आधी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागली असती, आणि फेडरल देखरेखीखाली असता तर ही नोकरी बहुधा अटींचाच भंग ठरली असती.

नोंदी पुसण्याचं काम त्यानं याच महिन्यात सुरू करावं. ३० ग्रॅमच्या आतल्या जुन्या केसेस बऱ्याच अंशी आपोआप पुसल्या जातात. त्याची ४५ ग्रॅमची नाही. पण गांजाच्या चौथ्या वर्गाच्या फेलनीला शिक्षा रद्द करून नोंद पुसण्याचा अर्ज करता येतो. शिक्षा जिथे झाली त्या काउंटीच्या सर्किट क्लार्ककडे तो द्यायचा. न्यायाधीश त्याचं आताचं आणि तेव्हाचं वय, किती वर्षं झाली, आणि नोंद राहिली तर नेमकं काय नुकसान होतं, हे बघतात. हे शेवटचं महत्त्वाचं. तुमचं लेखी नोकरीचं पत्र, त्यात पद, पगार आणि 'एजंट कार्ड मिळण्याच्या अटीवर' हे शब्द, अर्जाला जोडता येतं. वकिलाला पैसे नसतील तर न्यू लीफ इलिनॉय या राज्याच्या पैशावर चालणाऱ्या उपक्रमातून गांजाच्या केसेससाठी मोफत वकील मिळतो. २०१४ च्या किरकोळ चोरीची नोंद पुसता येणार नाही, पण शेवटची शिक्षा संपून तीन वर्षं उलटल्यावर ती बंद करण्याचा अर्ज करता येतो. सरकारी वकील आणि पोलिसांना हरकतीसाठी ६० दिवस असतात. आदेश निघाल्यावर त्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती घ्याव्यात. खासगी एजन्सींच्या साठ्यात जुनी नोंद पडून राहते आणि पुढच्या नोकरीच्या वेळी वर येते, तेव्हा ती प्रत दाखवून दुरुस्ती मागता येते.

तुमचा उमेदवार नागरिक आहे म्हणून ही वाट त्याला पुरी पडते. उद्या हाच प्रश्न एखादा ग्रीन कार्डवाला घेऊन आला तर त्याला याच वाटेवर लावून देऊ नका. राज्यानं पुसलेला गुन्हा इमिग्रेशनच्या लेखी पुसला जात नाही. मूळ खटल्यात कायदेशीर दोष होता म्हणून शिक्षा रद्द झाली, तरच सहसा तो गणला जात नाही. गुन्हा कबूल केल्यानं देशाबाहेर जावं लागेल हे अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं. तो खटलाही गांजाचाच होता, आणि आरोपी कित्येक वर्षं ग्रीन कार्डवर राहिलेला माणूस होता. अशा अर्जदाराची जुनी केस आधी इमिग्रेशनच्या वकिलानं वाचावी, अर्ज नंतर.

सोमवारी उमेदवाराला फोन करा, पत्र पाठवा, ठशांची वेळ घ्या. भाच्याला फोन मात्र आजच करा.